पौष संपल्यावर समुद्र

१८ नोव्हेंबर, सोमवार

ही वही ह्यांच्या कंपनीनं जानेवारीत वाटलेली. कपाटावर कोरीच पडली व्हती. मी सातवी शिकले, लासूर टेशनला. त्यानंतर पेन धरला तो निस्ता सहीपुरता. पन आज कुनाला तरी सांगावं वाटलं आन सांगाया कोनी नाय, म्हनून आजच्या तारखेचं पान काढलं. दर पानाच्या खाली एक ओळ छापलीय. आजच्या पानाखाली हाये, 'घाई टाळा, घरी कोणीतरी वाट पाहत आहे.' चांगलं लिहिलंय. लोकं गाड्या लई जोरात पळवत्यात.

हे सकाळी मालवनहून आले. कंपनीनं ह्यांच्या लाइनीला तीन दिवसाची सहल दिलती, माल जादा काढला म्हनून. दारात चपला काढता काढताच म्हनले, "सरू, आपन तिकडं राहाया जाऊ."

"कुठं?"

"समुद्रावर."

मी हसले. हे नाय हसले.

गोदीला पान्यात घालायचा चष्मा आनलाय. निळा, नाकावरून बसतो. चार वर्साची पोरगी, दिवसभर त्योच घालून हिंडली. भाकर बी त्योच घालून खाल्ली.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदानाची सुट्टी. फुलंब्रीच्या पुढं ह्यांचं गाव, तिथं गेलतो. बसमधी ह्यांनी समदं सांगितलं. तिथं लोकं पान्याखाली मासे बघाया जात्यात म्हने. तोंडात नळी देत्यात आन बोटीवाला हात धरून खाली नेतो. काय लोकं छत्रीला लटकून समुद्रावरून उडत्यात. निस्ती मज्जा. ह्यांनी बोटीवरून सूर मारला तो बोटीच्या मालकानं बघितला. केळुसकर नाव हाये. ते म्हनले, कुठं शिकलात? हे म्हनले, विहिरीत, पाठीला भोपळा बांधून. केळुसकर लई हसले आन मंग म्हनले, इकडं या कामाला, दोन महिन्यात तयार करतो.

"काय काम?" मी इचारलं.

"ज्याला भ्या वाटतं त्याचा हात धरायचा."

"आन मंग?"

"काय मंग? धरून ठिवायचा. सोडायचा नाय. एवढंच."

हे असं काम असतं का? आयटीआय केलेला मानूस, आठ वर्सं प्रेस मशीनवर, परमनंट. परमनंट व्हायला लोकं देव पान्यात घालत्यात. आन ह्यांना मज्जेसाठी समुद्रावर जायचंय.

मत देऊन आल्यावर विहिरीत उतरले. वरनं सूर मारला आन खालीच राहिले. मी काठापसून दूर उभी व्हते, मला जवळ जाववत नाय. आठ वर्साची असताना मामानं मला बी असंच भोपळा बांधून ढकललं व्हतं. भोपळ्याची दोरी सुटली. वर काढलं तवा मपल्या तोंडातनं बराच येळ पानी येत व्हतं. तवापासून मी डोक्यावरनं तांब्या ओतत नाय, बाजूनं घेते.

हे वर येईनात तशी मी वरडले. मंग आले, हसत.

"इतका येळ कामून खाली ऱ्हायले?"

"खाली आवाज नसतो, सरू. काय म्हंजे कायच वाजत नाय."

आवाज नाय तर त्यात काय एवढं? देवळात बी नसतो.

२५ नोव्हेंबर

नळ आला. नऊ दिवसानं. आमच्या घरमालकीन मनकर्णाबाई खालच्या नळावर बादल्यांची रांग लावून बसल्या व्हत्या. गोदीनं चष्मा घालून ड्रमात डोकं घातलं आन वरडली, "मासा नाय इथं!"

मनकर्णाबाई म्हनल्या, "हे काय खूळ गं?"

मी सांगितलं. सांगायचं नव्हतं, पन निघून गेलं तोंडातनं.

"इथं नळाला दहा दिवसानं पानी येतं आन तुझ्या नवऱ्याला समुद्र पायजे? त्ये पानी पिता बी येत नाय म्हनत्यात."

"व्हय, खारट असतं."

"मंग आपल्या नळात आन त्याच्यात काय फरक? दोन्ही निस्तं बघायचं." आन त्या एवढ्या हसल्या की बादली भरून वाहाया लागली.

मी बी हसले. पन वर आल्यावर हसू गेलं. हे खरंच जायाचं म्हनत्यात.

२९ नोव्हेंबर

सांडूभाऊ आलते. ह्यांच्याच लाइनीला कामाला व्हते. श्रावनात त्यांच्या हाताची दोन बोटं मशीनमधी गेली, आता सामान उचलायच्या कामावर हायेत. मानूस थोडा पितो, ध्यान नसंल राहिलं. मी च्या दिला तर कप तीन बोटांनी असा धरला की मला बघवंना. गोदी मातर टक लावून बघत व्हती.

हे साबन आनाया खाली गेले तवा सांडूभाऊ म्हनले, "वहिनी, जाऊ द्या बन्सीला. अडवू नका."

"भाऊ, परमनंट सोडून? मज्जा करायला?"

ते कपाकडंच बघत राहिले. म्हनले, "मज्जा नाय तर मज्जा. जाऊ द्या."

मला वाटतं ह्यांच्या मशीनवर सांडूभाऊच्या भावकीतला कोनी तरी लावायचा असंल. लोकं लई हुशार असत्यात.

५ डिसेंबर, गुरवार

मार्गशीर्षातला पहिला गुरवार. घट मांडला. लक्ष्मीला म्हनले, माय, ह्यांच्या डोक्यातनं पानी काढ. दुसरं कायच मागितलं नाय.

९ डिसेंबर

केळुसकरांचा फोन येतो, रोज नाय पन येतो. त्यांचं बोलनं मला निम्मं कळत नाय. आज ह्यांनी फोन मपल्या कानाला लावला. "वहिनी, भ्यायचा नाय हां. आमच्या समुद्रात लहान लेकरा पन उतरतत." मी निस्तं व्हय व्हय केलं. नव्या वर्साला लई गर्दी असती म्हने, मेपस्तोर. पावसाळ्यात बोटी बंद. म्हनून लवकर या म्हनत्यात.

सकाळी मनकर्णाबाई गच्चीवर गोधडी धोपटत व्हत्या. हे जेवाया बसले व्हते. दर धपक्याला ह्यांचा खांदा उडत व्हता. हातातला घास दोनदा ताटात पडला.

मी म्हनले, "थंडी वाजू राहिली का?"

म्हनले, "व्हय."

समुद्राच्या पान्यात डुंबून डुंबून अंगात थंडी भरली असंल. सुंठीचा काढा दिला.

१२ डिसेंबर

ह्यांना एक खेळ लागलाय. कामावर जायच्या आधी गोदीचा हात हातात घेत्यात आन तिची बोटं मोजत्यात. करंगळी, मरंगळी, असं. मंग गोदीनं ह्यांची मोजायची. दहा झाली की हे म्हनत्यात, "पक्की ना?" ती म्हनती, "पक्की." मंगच चपला घालत्यात. आज बस चुकली त्याच्यापायी. कंपनीची बस क्रांती चौकात कुनासाठी थांबत नाय. रिक्षा करावी लागली.

मी म्हनले, "खेळायचं तर आल्यावर खेळा."

ते पळतच खाली गेले.

१५ डिसेंबर, रविवार

ठरलं. माझं नाय, ह्यांचं. दोन जानेवारीला निघायचं. महिनाअखेर राजीनामा. केळुसकरांनी एक खोली बघितलीय, मागं नारळाची झाडं हायेत, दारातनं समुद्र दिसतो. फोनमधी फोटू दाखिवला. गोदीनं फोटूला बोट लावलं आन बोट चाटलं. म्हनली, "खारट नाय."

मी म्हनले, "शाळेचं काय? नव्या गावात कोन हाये आपलं? तुमी पान्यात, मी अन पोरगी दारात. लाट आली तर?"

"लाट घरात येत नसती, सरू."

"तुमाला काय ठाव? तुमी विहिरीतले. विहिरीला भिंत असती. कुठं बी गेलं तर भिंत लागती हाताला. तिथं काय लागंल?"

ह्यांनी फोन बंद केला. मंग म्हनले, "तुजा बी हात धरीन. पयला तुजाच."

मला रडू आलं. मी म्हनले, "मशीनवर काय वाईट हाये तुमाला? सावलीत काम हाये. रोजचं हाये."

"मशीनला एक डोळा असतो," ते म्हनले. "उजेडाचा. हात मधी आला की मशीन आपुन थांबती. माल कमी निघतो म्हनून त्यो डोळा बांधून ठिवलाय. साहेब म्हनतो, तुमाला काय डोळे नायत का?"

मी म्हनले, "बरोबरच हाये की. तुमी ध्यान देऊन काम करा. तुमचं समदं ध्यान समुद्रात."

ते हसले. हसल्यावानी केलं.

२२ डिसेंबर, रविवार

गावाला जाऊन आले. हे आले नाय, ओव्हरटाइम व्हता. मी अन गोदीच.

मला वाटलं सासूबाई अडवतील, मी त्यांना आत्याबाई म्हनते. पन आत्याबाई म्हनल्या, "जाऊ दे त्याला. लहानपनापसून पान्यातलाच हाये. मासोळीला कोन पकडून ठिवतं? मी कांदे भरून देते, तिकडं चांगला कांदा नसतो म्हने."

एवढंच. कांदे. पोरगा घर सोडून चालला आन ह्यांना कांद्याची फिकीर.

त्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा खाडा लिहीत व्हत्या. तवा माझं ध्यान गेलं. तीस तारखेला अमावस्या. मी म्हनले, "आत्याबाई, एकतीसला पौष लागतो ना?"

त्या थांबल्या. पेन्सिल तशीच हातात.

"अगं बाई. व्हय की. आन हे दोन तारखेला निघनार?"

"त्यांना कुठं ध्यान हाये अशा गोष्टीचं. मी सांगितलं तर माझ्यावर रागवत्यात."

हे खोटं व्हतं. मी सांगितलंच नव्हतं. मला बी तवाच सुचलं.

आत्याबाई म्हनल्या, "पौषात घर सोडाया मी जिती हाये तवर देनार नाय. तुझा सासरा पौषात बैल बदलाया गेला आन परत आला तो चौघांच्या खांद्यावर. त्याला सांग, आईची आन हाये. माघ लागला की खुशाल जा."

येताना बसमधी माझं काळीज हलकं झालं व्हतं. एक महिना. एका महिन्यात मानसाचं खूळ उतरतं. केळुसकर बी किती वाट बघतील? गोदीला खिडकीतनं गुऱ्हाळ दाखिवलं. लई दिवसानं मी गुनगुनले.

२३ डिसेंबर

ह्यांना सांगितलं. म्हनले, आत्याबाईनी आन घातलीय.

मला वाटलं भांडतील. नाय भांडले. खाटेवर बसून राहिले, पायात एकच मोजा. मंग म्हनले, "एक महिना अजून."

"एकच महिना. पाखरावानी उडून जाईल."

"बाईच्या जातीला काय," असं कायतरी म्हनले आन मंग लगीच "नाय, तुजं काय नाय," म्हनले. भिंतीकडं तोंड करून पडले. राजीनामा लिहून ठिवला व्हता, त्यो गादीखाली सरकवला.

३१ डिसेंबर

वहीचं शेवटचं पान. आज पौष लागला. ह्यांनी केळुसकरांना फोन करून सांगितलं, माघ लागला की, तीस जानेवारीला निघतो, नक्की. केळुसकर म्हनले, जागा ठेवतो, तीस म्हंजे तीस. गोदी मधीच वरडली, "चष्मा घेऊन येते!"

त्यांचा चेहरा जरा बरा दिसला. मी गूळ घालून शिरा केला. माझं मन मला खातं पन महिनाभर तरी जीवाला घोर नाय.

१ जानेवारी

वही संपली. नवी कुठनं आनू? जानेवारी ते नोव्हेंबर समदी पानं पुढं कोरीच हायेत, म्हनून पुढनं सुरू केली. वार जुळत नाय. छापील सोमवार खोडून बुधवार लिहिला.

ह्यांना औंदा कंपनीनं वही दिली नाय. कॅलेंडर दिलं. मी तीस तारखेला गोल केला नाय. ह्यांनी केला.

७ जानेवारी

रोज ओव्हरटाइम. माल जादा पायजे. सकाळी बोटं मोजायचा खेळ दोनदा खेळत्यात आता.

मनकर्णाबाईंनी आज मिरच्या कांडल्या. हे आंघोळीला गेलते ते साबन अंगावर तसाच ठिवून बाहेर आले. त्यांना म्हनले, "बाई, जरा थांबता का?"

त्या म्हनल्या, "कामून रे बाबा, समुद्राच्या लाटा ऐकू येत नायत का माझ्या आवाजानं?"

मला वाईट वाटलं. पन त्यांचं बी बरोबर. मानसानं असं करावं का?

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. मनकर्णाबाईंकडं हळदीकुंकवाला गेले. एकीनं इचारलं, "तुमी तर समुद्रावर चालला ना?" मी म्हनले, "बघू, पौष संपल्यावर." बाया हसल्या. एक म्हनली, "तिथं वाण म्हनून खेकडे वाटत्यात."

केळुसकरांचा आठ दिवसात फोन नाय. मी मनात म्हनले, बरं झालं. आता पंधरा दिवस. ह्यांनी तीळगूळ दिला आन म्हनले, "गोड बोल." मी म्हनले, "मी कधी कडू बोलले?" म्हनले, "नाय. तू निस्ती भेतीस."

१९ जानेवारी, रविवार

परवा, शुक्करवारी.

दुपारी मनकर्णाबाईंच्या फोनवर कंपनीतनं फोन आला. थोडं लागलंय म्हनले. गोदीला त्यांच्याकडं ठिवून रिक्षात बसले. क्रांती चौकात सिग्नल सुटंना. रिक्षावाला म्हनला, आपा, घबराओ मत. मी म्हनले, थोडंच लागलंय.

उजव्या हाताची चार बोटं. आंगठा राहिलाय.

हाताला एवढी पट्टी की गाठोडं वाटतं. हे जागे व्हते. मला बघून म्हनले, "गोदीला आनू नको."

आजच्या पानाखाली काय छापलंय ते मी वाचलं नाय.

२१ जानेवारी

कंपनीचा मानूस दवाखान्यात आलता. लई गोड बोलला. फळं आनली. एक कागद दिला, लई बारीक अक्षर व्हतं. म्हनला, उपचारासाठी हाये, सही लागती. म्हनला, "आंगठा नाय ना लावावा लागत? वा, ताई शिकलेल्या हायेत." मी सही केली. पूर्ण नाव, वळनदार.

संध्याकाळी सांडूभाऊ आले. मी त्यांना सांगितलं कंपनी चांगलीय, फळं आनली. त्यांनी इचारलं, "सही केली?"

"केली."

"वाचलं व्हतं का?"

"थोडं. 'स्वतःच्या' असं कायतरी व्हतं, आन 'निष्काळजी'."

ते उठून खिडकीपशी गेले. जाताना आपल्या तीन बोटांनी ह्यांच्या कपाळाला हात लावला, निस्ता.

मी त्यांच्याबद्दल मागं जे लिहिलं ते खोडावं वाटलं. पन ते पान लई मागं हाये, आता उलटं जाववत नाय.

२४ जानेवारी

घरी आनलं. गोदी पायात घोटाळली. मंग सवयीनं हात धरला त्यांचा, डावा. मोजली, पाच. मंग दुसरा हात मागितला. हे म्हनले, "त्यो झोपलाय." तिनं पट्टीवर पांघरून घातलं. मंग मपल्याकडं आली आन हळू आवाजात म्हनली, "मम्मी, उठल्यावर मोजू."

मी ओट्यापशी गेले आन बराच येळ भांडी घासली. भांडी घासलेलीच व्हती.

२७ जानेवारी

मला सांगायचंय ह्यांना. की पौष आत्याबाईंना आठवला नव्हता. मी आठवून दिला. दोन तारखेला गेलो असतो तर सतरा तारखेला हे बोटीवर असते, कुनाचा तरी हात धरून. मी तोंड उघडते आन, "च्या देऊ का?" एवढंच निघतं.

आत्याबाई आल्यात. त्या म्हनल्या, "बघ, पौष. मी म्हनलं नव्हतं? निघाला असता तर याच्यापेक्षा वाईट झालं असतं. देवानं हातावर निभावलं."

हे हूं म्हनले. मी उठून बाहेर गेले.

२९ जानेवारी

केळुसकरांचा फोन आला. ह्यांनी मपल्याकडं दिला. "परवा... नाय, उद्या ना? स्टँडवर मानूस पाठवतंय." मी सांगितलं. मागं पान्याचा आवाज येत व्हता. कुनीतरी लहान पोर हसत व्हतं.

मंग म्हनले, "अरेरे. वहिनी, आता... बोटीवरचा काम तसा... हात लागतत ना दोन्ही." आन मंग, "पन या हां तुमी. बरा वाटला की या. फिरूक या. पोरीक घेऊन."

मी म्हनले, व्हय, येऊ.

ह्यांनी इचारलं, काय म्हनले?

"फिराया या म्हनले."

"हां," ते म्हनले. "फिराया."

३० जानेवारी, गुरवार

माघ लागला. कॅलेंडरवर ह्यांनी केलेला गोल हाये. सकाळी मी पिशव्या काढल्या. दोन साड्या, गोदीचे कपडे, चष्मा. स्टोव्ह. आत्याबाईंचे कांदे. मी म्हनले, "चला. पौष संपला. मी येते. मी भेत नाय. खोली तरी हाये ना तिथं, दारातनं समुद्र दिसतो. मी कुठं बी भांडी घासीन."

खरं तर भेत व्हते. पन जायलाच पायजे असं वाटलं.

हे खाटेवर बसलेले. पिशव्यांकडं बघितलं. म्हनले, "खोली बोटीवर काम करनाऱ्याला व्हती, सरू."

मंग म्हनले, "कांदे मोकळे कर. पिशवीत कोंब येतील."

४ फेब्रुवारी

कंपनी मार्चपासून गेटावर बसवनार हाये. गाड्यांची नोंद. डाव्या हातानं लिहायचं शिका म्हनले. साहेबांनी लई उपकार केले असं त्यो मानूस म्हनत व्हता.

मी म्हनले, "बसून काम हाये. चांगलंच झालं."

ते म्हनले, "गेटावर बी ऐकू येतं."

"काय?"

"कायच नाय."

ओट्यावर बसून आता गोदीच्याच पाटीवर गिरवत्यात. दोघांचा ग वाकडा येतो.

९ फेब्रुवारी, रविवार

गावाला गेलतो. दुपारी हे विहिरीकडं निघाले. मी मागं मागं. आत्याबाई गोदीला मांडीवर घेऊन काठावर बसल्या. गोदीच्या डोळ्याला निळा चष्मा. "पप्पा, मासा दिसला तर सांगा!"

सूर मारला नाय. पायऱ्यांनी उतरले, पट्टीचा हात वर धरून, शाळेत मास्तरला हात वर करत्यात तसा. कमरेपस्तोर पान्यात गेले आन थांबले. दुसरा हात भिंतीला.

मला काय झालं ठाव नाय, मी बी उतरले. पायरीवर शेवाळ व्हतं. पोटरीपस्तोर पानी आलं, मंग गुडघ्यापस्तोर. सोळा वर्सांनी. दात वाजत व्हते. मी त्यांचं मनगट धरलं, पट्टीच्या खाली, जिथं कातडी हाये तिथं.

ते म्हनले, "भ्या वाटतं?"

"व्हय."

"मला बी वाटायचं. रोज."

"कशाचं?" मी म्हनले. "तुमाला तर पोहता येतं."

ते मपल्याकडं बघतच राहिले. जसं काय मी परक्या मुलखातली हाये आन माझी बोली येत नाय त्यांना. वर गावात कुनीतरी गाडीतनं पोतं टाकलं, धप्प. त्यांचा खांदा उडाला. मपल्या हातात त्यांचं मनगट उडालं.

मी म्हनले, "चला वर. पानी लई गार हाये."

आले. पौषाचं आज बी नाय सांगितलं.

आता घरी येऊन हे लिहिते. इथनं पुढं नोव्हेंबरपस्तोर समदी पानं कोरी हायेत. मला आता पुढं लिहायचं नाय. कोनी ही वही उघडली तर त्याला पयलं पट्टी दिसंल, मंग कोरं, कोरं, कोरं, आन लई पुढं गेल्यावर हे मालवनहून येतील, गोदीला चष्मा आनतील, दारात चपला काढता काढता समुद्र म्हनतील. शेवटच्या पानावर शिरा केलेला हाये. शेवटच्या पानावर आमी तीस तारखेला निघनार हावोत, नक्की.